माउंटन बाइक: सस्पेन्शनला ट्रॅव्हल किती हवा

माउंटन बाइकच्या सस्पेन्शनचा ट्रॅव्हल म्हणजे धक्का बसल्यावर चाक फ्रेमच्या दिशेने जास्तीत जास्त किती सरकू शकते ते अंतर. ते मिलिमीटरमध्ये सांगतात. बाजारातल्या सायकलींत हा आकडा 80 पासून 200 पर्यंत कुठेही असतो आणि दुकानात किमतीखालोखाल विचारणा होते ती त्याचीच. पुढच्या चाकाचा ट्रॅव्हल फोर्कच्या, म्हणजे चिमट्याच्या, वरच्या नळ्या खालच्या नळ्यांत किती शिरतात त्यावरून ठरतो. मागच्या चाकाचा मोजताना चाकाचा आस उभ्या रेषेत किती उचलला जातो ते पाहतात. फोर्क तिरका असल्यामुळे या दोन आकड्यांची थेट तुलना होत नाही. जमिनीशी 65 अंशांचा कोन करणाऱ्या फोर्कचे 150 मिलिमीटर उभ्या रेषेत जेमतेम 136 भरतात. पुढे 150 आणि मागे 140 अशी जोडी पाहून पुढच्या चाकाला झुकते माप दिल्यासारखे वाटते, पण प्रत्यक्षात दोन्ही चाके जवळपास सारखीच वर-खाली होतात.

मागच्या शॉकवर, म्हणजे मागच्या चाकाचे धक्के झेलणाऱ्या नळकांड्यावर, छापलेला आकडा ही वेगळीच बाब आहे. 210×55 असे लिहिलेल्या शॉकचा दट्ट्या 55 मिलिमीटर सरकतो; हा त्याचा स्ट्रोक. मधल्या सांध्यांच्या तरफेमुळे तेवढ्यात चाक 140 मिलिमीटर उचलले जाऊ शकते. वापरलेली सायकल घेताना 55 हाच ट्रॅव्हल समजून हिरमुसणारे ग्राहक दुकानदारांना नेहमी भेटतात.

शिवाय हा सगळा ट्रॅव्हल धक्के झेलायला शिल्लक राहत नाही. स्वार सायकलवर बसला की त्याच्या वजनाने सस्पेन्शन थोडे दबते. या दबण्याला सॅग म्हणतात. पुढे साधारण 15 ते 20 टक्के आणि मागे 25 ते 30 टक्के सॅग ठेवण्याचा प्रघात आहे. म्हणजे मागच्या 140 पैकी सुमारे 40 मिलिमीटर बसता क्षणीच खर्ची पडले. हे नुकसान मात्र नव्हे. दबलेले चाक खड्डा आला की तेवढेच खाली उतरू शकते आणि जमीन सोडत नाही. सॅग नसलेली सायकल दगडावर चढते, पण दगडापलीकडच्या खाचेवरून अधांतरी जाते, आणि अधांतरी चाकाला ना वळता येते ना ब्रेक लावता येतो.

ट्रॅव्हल वाढला की काय मिळते, हे उडीच्या साध्या हिशेबातून कळते. अर्धा मीटर उंचीवरून सायकल सपाट जमिनीवर पडली, तर टेकताना खाली जाण्याचा वेग सेकंदाला तीन मीटरच्या थोडा वर असतो. तो वेग 100 मिलिमीटरच्या आत एकसारख्या जोराने शून्यावर आणायचा असेल, तर स्वाराच्या वजनावर आणखी पाचपट जोर लागतो. तेच अंतर 200 मिलिमीटर मिळाले तर अडीचपट. प्रत्यक्षात गुडघे, कोपर आणि टायर यांचाही वाटा असतो. नीट बांधलेल्या उडीची उतरण्याची जागाही उतरती असते, त्यामुळे जोर बराच कमी होतो. तरीही हिशेबाचा रोख बदलत नाही. थांबायला दुप्पट अंतर मिळाले की धक्का निम्मा होतो.

पण उड्या क्वचितच्या. रोजचे काम आहे ते दगडगोट्यांवरून वेगाने जाताना चाक जमिनीला धरून ठेवण्याचे. मुठीएवढा दगड ताशी 10 किलोमीटरच्या वेगाने आला, तर चाकाला वर चढायला आणि उतरायला पुरेसा अवकाश असतो. स्वाराने हँडल जरा सैल सोडले तरी भागते. तोच दगड ताशी 35 किलोमीटरने आला की चाकाला क्षणार्धात उचलले जावे लागते, आणि मागोमाग दुसरा दगड हजर असतो. म्हणून ट्रॅव्हलची गरज वाट किती खडबडीत आहे यापेक्षा त्या खडबडीत वाटेवरून किती वेगाने जायचे आहे यावर अधिक अवलंबून असते. निवडताना नेमका हाच मुद्दा सुटतो. वाटेचा फोटो पाहून आकडा ठरवला जातो, आणि फोटोत वेग दिसत नाही.

या खेळाची सुरुवात तर शून्य मिलिमीटरवर झाली. कॅलिफोर्नियातील मरिन काउंटीत 1970 च्या दशकात काही तरुण जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगरउतारावरून शर्यती लावत. 1976 पासून भरलेली रीपॅक ही त्यांची प्रसिद्ध शर्यत. सव्वातीन-साडेतीन किलोमीटरच्या त्या वाटेवर सुमारे 400 मीटरचा उतार होता आणि मागच्या हबमधला ब्रेक इतका तापे, की आतले ग्रीस जळून जाई व हब पुन्हा ग्रीस भरून बांधावा लागे. सस्पेन्शन मिळाले ते दहा-बारा वर्षांनी. मोटोक्रॉसच्या मोटरसायकलींच्या जगातून आलेल्या पॉल टर्नर यांच्या रॉकशॉक्सचा आरएस-1 हा फोर्क विक्रीला आला, तेव्हा त्याचा ट्रॅव्हल होता जेमतेम 50 मिलिमीटर. 1990 साली कोलोरॅडोतील ड्युरँगो येथे झालेल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत ग्रेग हर्बोल्ड यांनी डाउनहिल शर्यत जिंकली ती याच फोर्कवर. आज 50 मिलिमीटरचा फोर्क कुठल्याही माउंटन बाइकला अपुरा म्हणून नाकारला जाईल.

वाढीव ट्रॅव्हलची किंमत पैशांखेरीज आणखी तीन ठिकाणी मोजावी लागते. पहिले ठिकाण वजनाचे. लांब फोर्कवर वाकवणारा जोर अधिक येतो, म्हणून त्याच्या नळ्या जाड लागतात. शर्यतीच्या हलक्या क्रॉस-कंट्री फोर्कचे वजन दीड किलोच्या आसपास असते. 38 मिलिमीटर जाडीच्या नळ्यांचा, 170 मिलिमीटर ट्रॅव्हलचा फोर्क सव्वादोन किलोच्या घरात जातो आणि डाउनहिलचा दुहेरी पट्ट्यांचा 200 मिलिमीटरचा फोर्क पावणेतीन किलोच्या. फ्रेम, शॉक, चाके, टायर, ब्रेक सगळेच त्या मानाने दणकट येतात. 10-11 किलोची क्रॉस-कंट्री सायकल आणि 15-16 किलोची एन्ड्युरो सायकल यांतला फरक असा तुकड्यातुकड्याने साठत जातो.

दुसरे ठिकाण चढाचे. प्रत्येक पॅडलगणिक स्वाराचे वजन पुढेमागे होते आणि सस्पेन्शन डोलते; पायातला काही जोर त्या डोलण्यात जातो. मागच्या सांध्यांची रचना अशी करतात की चेनचा ताण चाकाला थोडा खाली रेटतो आणि डोलणे आवरले जाते. लॉकआऊटची कळ दाबून शॉक जवळजवळ घट्टही करता येतो. तरीही चढावर वजन मागे सरकते, मागचे सस्पेन्शन खोल बसते आणि पुढचे चाक हलके होऊन भरकटू लागते. ट्रॅव्हल जितका मोठा तितके हे बसणे खोल. क्रँकही त्याबरोबर खाली येतो आणि पॅडल दगडांवर आपटतात. खडकाळ चढावर हा त्रास थकव्याइतकाच जाच करतो. पॅडल मारण्याची गरजच नसली तर चित्र किती पालटते, याचे उदाहरण 2015 च्या जूनमध्ये ऑस्ट्रियातील लिओगांग येथे दिसले. विश्वचषकाच्या डाउनहिल शर्यतीत अमेरिकेच्या ॲरन ग्विन यांची चेन सुरुवातीलाच तुटली. उरलेला सगळा उतार त्यांनी पॅडलविना पार केला आणि पहिला क्रमांक पटकावला.

तिसरे ठिकाण हाताळणीचे, आणि दुकानाबाहेरच्या पाच मिनिटांच्या फेरीत ते कळत नाही. लांब ट्रॅव्हलच्या सायकलींचा हँडलाकडचा कोन अधिक निजलेला असतो: क्रॉस-कंट्रीत 67 अंशांच्या आसपास, एन्ड्युरोत 63-64. निजलेला कोन तीव्र उतारावर भरवसा देतो, पण सपाट, वळणावळणाच्या वाटेवर सायकल सुस्त वाटते. लहान उंचवट्यावर दाब देऊन उडायचे म्हटले, तर तो दाब सस्पेन्शनच गिळून टाकते. सोप्या वाटेवर 170 मिलिमीटरची सायकल हाकणे हे मुंबईच्या गल्लीत ट्रक वळवण्यासारखे असते.

आज कुठल्या वापराला किती ट्रॅव्हल, याचे पट्टे बरेच स्थिरावले आहेत. एखाद्या मोठ्या कंपनीची यादी पाहिली तरी ते दिसतात. स्पेशलाइज्डची एपिक ही क्रॉस-कंट्री शर्यतीची सायकल 2024 च्या आवृत्तीत पुढे-मागे 120 मिलिमीटरची झाली. त्याच वर्षी आलेल्या स्टम्पजम्परला पुढे 150 आणि मागे 145 आहेत. एन्ड्युरो नावाच्या सायकलला दोन्हीकडे 170, आणि डेमो ही डाउनहिलची सायकल 200 ची. यातली स्टम्पजम्पर 1981 साली पहिल्यांदा विक्रीला आली तेव्हा तिला सस्पेन्शन नव्हतेच.

क्रॉस-कंट्रीचा पट्टा सर्वांत बोलका आहे, कारण इथे एकेका ग्रॅमचा हिशेब ठेवला जातो आणि तरी ट्रॅव्हल वाढतच गेला. कित्येक वर्षे 100 मिलिमीटर ही या शर्यतींची जणू लक्ष्मणरेषा होती. मागे सस्पेन्शन नसलेली हार्डटेल सायकलही आघाडीवर असे. मग आयोजकांनी शर्यतीच्या वाटांवर दगडांचे पट्टे आणि मोठे ड्रॉप आणायला सुरुवात केली. टोकियो ऑलिम्पिकसाठी इझू येथे बांधलेली वाट त्याच धाटणीची होती. 2021 मध्ये स्कॉटने स्पार्क आरसी ही शर्यतीची सायकल दोन्हीकडे 120 मिलिमीटर देऊन आणली आणि पाठोपाठ इतरही तिकडे वळले. चढावर गमावलेल्या सेकंदांपेक्षा उतारावर कमावलेले सेकंद जास्त भरतात, हे घड्याळाने दाखवून दिल्यावर वाद उरला नाही.

120 ते 150 मिलिमीटरचा ट्रेल पट्टा हा बहुसंख्य हौशी स्वारांचा. स्वतः पॅडल मारत चढायचे आणि उतरताना मजा करायची, असा ज्यांचा आठवडी शिरस्ता आहे, त्यांना याहून अधिकाची गरज सहसा पडत नाही. 150 ते 180 हा एन्ड्युरोचा पट्टा. एन्ड्युरो शर्यतीत उतारांचेच टप्पे घड्याळावर मोजले जातात. चढ वेळेच्या मर्यादेत पार केला की पुरे. 2013 मध्ये या प्रकाराची जागतिक मालिका सुरू झाली आणि मोठ्या ट्रॅव्हलच्या पण चढवता येणाऱ्या सायकलींना हक्काचे मैदान मिळाले. 200 मिलिमीटरची डाउनहिल सायकल केबल कारने किंवा गाडीने वर न्यायची वस्तू आहे. जिथे तशी सोय नाही तिथे ती घेऊ नये.

हार्डटेलचा विचार वेगळा करावा लागतो. तिथे फोर्क दबला की सायकल फक्त पुढून खाली जाते, मागून नाही. परिणामी हँडलाचा कोन क्षणोक्षणी बदलतो आणि ट्रॅव्हल जितका लांब तितका हा बदल मोठा. शिवाय पुढचा फोर्क दगड सहज गिळतो म्हणून स्वार वेग वाढवतो आणि मागचे चाक तेच दगड रिमवर घेते. म्हणून हार्डटेलला 100 ते 130 मिलिमीटरचा फोर्क शोभतो. 140 च्या वरची हार्डटेल हा कसलेल्या हौशींचा नाद आहे.

महाराष्ट्रात सायकल चालवणाऱ्यांसमोर बहुधा चार प्रकारची जमीन येते. देशावर मुरमाच्या गाडीवाटा आणि सुटी खडी. घाटमाथ्यावर बेसॉल्टचे अणकुचीदार धोंडे आणि उतारावर घसरणारा दगडांचा चुरा. कोकणात आणि शेजारच्या गोव्यात जांभ्याचा सडा, जो लांबून सपाट दिसतो पण चाकाखाली अखंड खडखडतो. आणि पावसाळ्यात सगळीकडे चिखल व शेवाळ. पहिल्या प्रकारासाठी 100 मिलिमीटरची हार्डटेल पुरून उरते. हिमाचलातल्या एमटीबी हिमालयसारख्या अनेक दिवसांच्या शर्यतीसाठी तयारी करणाऱ्यालाही तीच सोयीची, कारण तिथल्या लांबलचक चढांवर वजनच नडते. जांभ्याच्या सड्यावर धक्के लहान पण सततचे असतात. तिथे ट्रॅव्हल लांब असण्यापेक्षा सस्पेन्शन हलक्या धक्क्याला चटकन दबणारे हवे, आणि टायर रुंद. घाटमाथ्यावरच्या धोंड्यांत मागचे सस्पेन्शन आपली किंमत वसूल करते. 120 ते 140 मिलिमीटर तिथे योग्य ठरतात. याहून मोठा ट्रॅव्हल कामी येईल असे लांब, सलग उतार इथे थोडे आहेत, आणि सायकली वर नेणारी केबल कार तर नाहीच. शेवाळलेल्या दगडावर मात्र 100 आणि 170 सारखेच घसरतात. तिथे टायरचे रबर आणि हवेचा दाब काय ते ठरवतात.

डबल सस्पेन्शन म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त सायकलींबद्दल स्पष्टच लिहायला हवे. त्यांच्या मागच्या बाजूला नुसती स्प्रिंग असते, डॅम्पिंग नसते. डॅम्पिंग म्हणजे तेलाला बारीक छिद्रांतून जायला लावून स्प्रिंगची हालचाल आवरणे. ते नसले की दबलेली स्प्रिंग साठवलेला सगळा जोर झटक्यात परत देते आणि सायकल स्वाराला उलट फेकते. चढावर तीच सायकल दर पॅडलला डोलते. स्वस्त स्प्रिंगच्या फोर्कचे वजनही अडीच किलोच्या आसपास जाते, म्हणजे 100 मिलिमीटरचा हा फोर्क 170 मिलिमीटरच्या चांगल्या फोर्कपेक्षा जड. त्याच पैशात येणारी, मागे सस्पेन्शन नसलेली, बरा फोर्क आणि डिस्क ब्रेक असलेली हार्डटेल प्रत्येक बाबतीत उजवी असते. हवेवर चालणारा, रिबाउंडची, म्हणजे परत उसळण्याचा वेग आवरण्याची, कळ असलेला 100 मिलिमीटरचा फोर्क हा डॅम्पिंग नसलेल्या 120 पेक्षा अधिक काम करतो.

स्वाराच्या वजनाचा आणि ट्रॅव्हलचा संबंध मात्र समजतात तसा नाही. जाड माणसाला लांब ट्रॅव्हल लागतो, ही समजूत चुकीची. त्याला शॉकमध्ये हवेचा दाब अधिक लागतो. सॅग टक्क्यांत ठेवला की 55 किलोचा आणि 95 किलोचा स्वार तेवढाच ट्रॅव्हल वापरतात. चाकाच्या व्यासाने फरक पडतो. 29 इंची चाक दगडावर कमी तीव्र कोनात चढते, म्हणून जुन्या 26 इंची सायकलला जिथे 140 लागत तिथे 29 इंचीला 120 चालून जातात. नवशिक्याने कौशल्याची उणीव ट्रॅव्हलने भरून काढावी का, यावर जाणकारांत दुमत आहे. लांब ट्रॅव्हल चुका पोटात घालतो हे खरे. पण पोटात गेलेली चूक स्वाराला कळतही नाही, आणि वेग वाढत जातो. वय झालेल्या किंवा मनगट-कंबरेच्या दुखण्याच्या स्वाराने दहा-वीस मिलिमीटर अधिक घेतले तर त्यात काही वावगे नाही.

आहे तो ट्रॅव्हल पुरतो की नाही, हे ओळखण्याचे साधन फोर्कवरच असते. वरच्या नळीवर एक पातळ रबरी कडे बसवलेले असते. नसल्यास प्लास्टिकची बारीक पट्टी सैलसर बांधली तरी चालते. आधी हवा योग्य करून घ्यावी. रोजच्या पेहरावात, पाण्याची पिशवी पाठीला लावून, भिंतीचा आधार घेत पॅडलवर उभे राहावे, कडे हलकेच खाली सीलपर्यंत सरकवावे आणि धक्का न देता उतरावे. सील आणि कडे यांच्यातले अंतर 140 च्या फोर्कवर 21 ते 28 मिलिमीटर भरले तर सॅग बरोबर आहे. मागच्या 55 मिलिमीटर स्ट्रोकच्या शॉकवर हेच अंतर 14 ते 16 भरायला हवे. मग नेहमीच्या वाटेवर नेहमीच्या वेगाने जाऊन यावे आणि कडे कुठवर सरकले ते पाहावे. फेरीतल्या सर्वांत मोठ्या धक्क्याला ते टोकाच्या जरा अलीकडे पोचले, तर ट्रॅव्हल आणि वाट यांचा मेळ बसला. सॅग बरोबर असूनही महिनोन्महिने शेवटचे 40 मिलिमीटर कोरडेच राहत असतील, तर ते वजन नाहक वाहिले जाते आहे. उलट दर फेरीत दोन-तीनदा फोर्क तळाला ठक्कन आपटत असेल, तर आधी फोर्कच्या हवेच्या कप्प्यात जागा कमी करणारा प्लास्टिकचा तुकडा बसवून बघावा. त्याने सुरुवातीचा मऊपणा तसाच राहतो आणि शेवटचा भाग ताठ होतो. इतके करूनही आपटणे थांबले नाही, तर ट्रॅव्हल खरोखर कमी पडतो आहे.

अशा वेळी नवी सायकल घ्यावीच लागते असे नाही. अनेक हवेच्या फोर्कमध्ये आतला एअर शाफ्ट बदलून ट्रॅव्हल 10 किंवा 20 मिलिमीटरने वाढवता येतो. तेल आणि सील बदलण्याच्या कामाबरोबरच ते उरकते. मात्र फोर्क 10 मिलिमीटर लांबला की पुढचा भाग तेवढा उचलला जातो, हँडलाचा कोन जवळपास अर्ध्या अंशाने निजतो, सीट किंचित मागे कलते आणि क्रँक थोडा वर येतो. 10 मिलिमीटरने सायकलचा स्वभाव फारसा बिघडत नाही, किंबहुना काही जुन्या सायकली सुधारतात. 20 ला फरक जाणवतो. त्यापुढे हँडलाजवळच्या जोडावर असा ताण येतो, जो धरून फ्रेम बनवलेलीच नसते, आणि बहुतेक कंपन्या तिथे हमीतून हात काढून घेतात. मागचा ट्रॅव्हल वाढवणे याहून अवघड. अधिक स्ट्रोकचा शॉक बसवला तर पूर्ण दबल्यावर टायर सीटच्या नळीला घासू शकतो, म्हणून शॉकमधली सगळी हवा सोडून, चाक हाताने शेवटपर्यंत वर दाबून ती फट आधी तपासावी लागते. कमाल फोर्क किती चालतो हे फ्रेमच्या माहितीपुस्तिकेत दिलेले असते. एअर शाफ्ट मागवायचा तो त्या आकड्याच्या आतला.